धावण्याआधी चालायला लावणाऱ्या रामटेके सिस्टर

रामटेके सिस्टरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझ्या शर्टाच्या बाहीवर रक्त होते. ते रोशनी सिडामचे होते. रोशनी आमच्या शाळेच्या मुलींच्या कबड्डी संघात चढाई करायची, आणि त्या दुपारी सरावात तिची भुवई फुटली होती. मी शाळेचा क्रीडाशिक्षक. तिला मोटारसायकलवर मधे बसवून, मागे तिला धरायला संघाची कर्णधार दीपाली हिला घेऊन मी तालुक्याच्या गावी, मूलच्या सरकारी दवाखान्यात पोहोचलो. जिल्ह्याची स्पर्धा सहा दिवसांवर आली होती. मला खरी काळजी स्पर्धेची होती. हे पहिल्याच परिच्छेदात लिहून टाकतो, कारण पुढे लिहिण्याचे धैर्य राहील की नाही, याची मला खात्री नाही.

या गोष्टीला बारा वर्षे झाली. श्रीमती शीला रामटेके यांनी यंदा वयाची साठ वर्षे पूर्ण केली. त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादकांनी "क्रीडाक्षेत्रातील सहकारी" म्हणून माझ्याकडे लेख मागितला. मी एक लेख लिहिलाही होता. त्यात सिस्टरांची सेवावृत्ती, शिस्त, मृदू स्वभाव असे सगळे होते आणि त्यातला शब्दन् शब्द खरा होता. तरी तो लेख खोटा होता, कारण त्यात मी नव्हतो. मी फाडून टाकला. हा दुसरा.

त्या दिवशी सरावात पकड होताना दुसऱ्या मुलीचा गुडघा रोशनीच्या कपाळावर बसला. ती क्षणभर मातीत पडून राहिली, मग उठून हसली. "सर, माझा पॉइंट झाला ना?" मी म्हणालो, झाला. मिनिटभराने तिने पुन्हा तेच विचारले. मग तिसऱ्यांदा. मुली हसायला लागल्या. मीही हसलो. थोड्या वेळाने तिला एक उलटी झाली, ती मी उन्हाच्या नावावर घातली.

दवाखान्यात डॉक्टरांनी टाके घातले. रामटेके सिस्टर रोशनीचे डोके हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या आणि गप्पा मारल्यासारखे तिला विचारत होत्या.

"बाळा, आज वार कोणता?"

"बुधवार." वार शनिवार होता.

"सकाळी काय खाल्लं?"

"सकाळी... मले आठवून नाई राह्यलं."

खिडकीतून ऊन येत होते. रोशनीने हाताने डोळे झाकले. सिस्टरांनी पडदा ओढला आणि डॉक्टरांना सांगितले. डॉक्टरांनी तिला नीट तपासले, मेंदूला हादरा बसल्याचे सांगितले, आणि एका कागदावर विश्रांतीचा सल्ला लिहून तो माझ्या हातात दिला. सिस्टर माझ्यामागे व्हरांड्यात आल्या.

"सर, टाके आठ दिवसांत निघतील. पण आतला मार दिसत नाई, तो असा मोजता येत नाई. आधी दोन दिवस आराम. मोबाइल नाई, टीव्ही नाई, सायकल तर नाईच. झोपू द्या, पण घरच्यांनी लक्ष ठेवावं. उलट्या वाढल्या, डोकं लय दुखू लागलं, बोलणं अडखळलं, उठवून उठली नाई, तर तसंच उचलून दवाखान्यात आणायचं. बरं वाटू लागलं की थोडं चालणं. मग शाळा. मग हळूहळू धावणं. एक पायरी जमली की दुसरी. त्रास झाला की मागच्या पायरीवर. अंगाले अंग लागते तो खेळ सगळ्यात शेवटी, अन् तोही डॉक्टर हो म्हणतील तवाच."

"बाई, सहा दिवसांवर स्पर्धा आहे."

"मंग दुसरी पोरगी खेळवा."

त्यावर मी एक वाक्य बोललो. ते जसेच्या तसे लिहितो. मी म्हणालो, "तुमच्या लोकांना एक नोकरी मिळाली की सगळ्या जगाला शिकवायला निघता."

रामटेके सिस्टर बौद्ध घरातल्या. त्यांचे आजोबा दुसऱ्यांच्या बांधीत भाताच्या रोवणीला जायचे, वडील शिक्षक झाले आणि या परिचारिका. हे सगळे मला नंतर कळले. पण आडनाव छातीवरच्या पाटीवर होते. मी ते वाचले होते, म्हणूनच ते वाक्य माझ्या तोंडात आले. व्हरांड्यात औषधाच्या रांगेत दहा-बारा माणसे उभी होती. त्यांनी ऐकले. दीपालीने ऐकले.

सिस्टरांचा चेहरा एवढासा झाला. मग त्या म्हणाल्या, "मले बोला, सर. पण पोरीले खेळवू नका."

जाताना त्यांनी दीपालीला बाजूला घेऊन काहीतरी सांगितले. तिच्या वहीच्या पानावर आपला फोन नंबर लिहून दिला, हे मला पुढे कळले.

रोशनीचे गाव मूलपासून आत, जंगलाला लागून. तिचे वडील लक्ष्मणभाऊ मूलच्या एका राइस मिलमध्ये पोती वाहायचे, आई मजुरीला जायची. मी तिला घरी सोडले. अंगणात लक्ष्मणभाऊ उभे होते. मी म्हणालो, "भुवई फुटली थोडी. टाके पडले. दोन दिवसांत ठीक होईल." डॉक्टरांचा कागद माझ्या खिशात होता. तो मी दिला नाही.

तिसऱ्या दिवशी रोशनी सायकल मारत शाळेत आली. डोके दुखते म्हणाली. मी तिला बाजूला घेऊन सांगितले, "हे कोणाला सांगायचं नाही. स्पर्धा होऊ दे, मग महिनाभर झोप." तिने मान हलवली. सोळा वर्षांची पोर. माझ्या शब्दाबाहेर ती कधीच नव्हती.

चंद्रपूरला स्पर्धेत पहिल्या डावात ती नेहमीसारखी खेळली नाही. मी बाहेरून ओरडत होतो. दुसऱ्या डावात समोरच्या मुलीचा खांदा तिला लागला. खांदाच, जोराचाही नाही. रोशनी मागे पडली ती उठली नाही. मी धावत गेलो. तिचे डोळे उघडे होते, पण ती माझ्याकडे पाहत नव्हती. ती गोंडीत काहीतरी बोलू लागली. शाळेत ती कधी गोंडी बोलायची नाही. संघातली एक मुलगी तिच्याच गावाकडची होती, ती रडत म्हणाली, "सर, ती मायले बोलावून राह्यली. म्हणते, माय दिवा लाव, दिसत नाई."

भर दुपारचे दोन वाजले होते.

चंद्रपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला विचारले, "याआधी हिच्या डोक्याला मार लागला होता का? हे टाके कसले?"

मी म्हणालो, "घरी दारावर आपटली होती. भुवईलाच लागलं. डोक्याला काही नाही."

हे मी पुरत्या शुद्धीत बोललो. रोशनी आत होती, डॉक्टरांना खरे कळणे तिच्या जिवासाठी गरजेचे होते आणि मी माझी नोकरी वाचवत होतो.

दीपालीने तोवर बाहेर जाऊन रामटेके सिस्टरांना फोन केला होता. सिस्टर ड्यूटीवर होत्या. कोणाला तरी जागेवर उभे करून, गणवेशातच एसटी पकडून त्या आल्या. माझ्याकडे पाहिले नाही. सरळ डॉक्टरांकडे गेल्या आणि शनिवारी किती वाजता मार लागला, तिने तेच तेच किती वेळा विचारले, वार कोणता सांगितला, उजेड कसा सोसवत नव्हता, हे सगळे ओळीने सांगितले. डॉक्टरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. ती नजर मी आजही विसरू शकलेलो नाही. ते एवढेच म्हणाले, "पहिला मार बरा व्हायच्या आत दुसरा बसला आहे. सर, अशात पोरं जातात."

तपासणीत मेंदूत रक्तस्राव निघाला नाही. तरी तिला वॉर्डात देखरेखीखाली ठेवले. संध्याकाळपर्यंत ती आईला ओळखू लागली. सिस्टरांचे यजमान ऊर्जानगरच्या वीज केंद्रात नोकरीला होते. पाळी संपल्यावर ते घरून डबा घेऊन आले. भाकरी, वांग्याची भाजी, वरण. त्यांनी तो लक्ष्मणभाऊंपुढे ठेवला, रोशनीच्या आईपुढे ठेवला आणि मग मला म्हणाले, "सर, तुम्हीबी घ्या. सकाळपासून उपाशी असाल." सहा दिवसांपूर्वी मी त्यांच्या पत्नीला काय बोललो होतो, ते त्यांना ठाऊक होते की नव्हते, कोण जाणे. मला भूक लागली होती. मी जेवलो.

नंतर कॉरिडॉरमध्ये सिस्टर मला म्हणाल्या, "डॉक्टरले मी सांगितलं, कारण ते इलाजाचं होतं. तिच्या बापाले तुम्ही सांगा. पोरीले धावायची परवानगी भेटायच्या आधी सांगा. तुम्ही नाई सांगितलं, तर मी सांगीन."

सिस्टरांच्या कामाविषयी लिहायचे तर इथूनच लिहावे लागेल. पुढचे तीन महिने मी त्यांचे काम अगदी जवळून पाहिले. ड्यूटी संपली की आठवड्यातून तीनदा त्या स्कूटीवर रोशनीच्या गावी जायच्या. दवाखान्याचे हे काम नव्हते, तसे कोणी सांगितलेही नव्हते.

पहिल्यांदा गेल्या तेव्हा मीही सोबत होतो. रोशनीच्या आईने तिला आतल्या खोलीत, दार-खिडकी लावून निजवले होते. बाई भेदरलेली होती. पोरीला जेवायलाही उठू देत नव्हती. सिस्टरांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "आराम द्यायचा म्हणजे कोंडायचं नाई, बाई. दोन दिवस निजली, झालं. आता सावलीत बसू द्या. थोडं बोलू द्या. थकली म्हणे की निजवा." त्यांनी रोशनीला एक वही दिली. डोके किती दुखले, झोप लागली का, गरगरले का, हे तिनेच रोज लिहायचे. कोणाला खूश करायला लिहायचे नाही, असे त्यांनी तीनतीनदा बजावले. ते बोलताना त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. तरी ते मला लागले.

मग पहिले चालणे आले. अंगणातून विहिरीपर्यंत आणि परत. ते सोसले तेव्हा तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, रोज सकाळी दहा मिनिटे. सिस्टर मला म्हणाल्या, "तिच्यासंगं तुम्ही चाला."

"मी?"

"तुम्हीच. अन् शिट्टी घरी ठेवून या."

सतरा वर्षे मी पोरांना पळवत आलो होतो. पोरीच्या बाजूने हळू चालणे मला येत नव्हते. मी सारखा दोन पावले पुढे जायचो. रोशनी काही म्हणायची नाही, पण माझ्या मागून चाल वाढवायची. तिसऱ्या दिवशी सिस्टर पाहायला आल्या होत्या. त्यांनी मला थांबवले आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही तिच्या मागं राहा. ती ठरवील किती भराभर." त्या दिवसापासून मी मागून चालू लागलो. दहाची वीस मिनिटे झाली. शाळेत ती आधी दोन तास बसू लागली, मग अर्धा दिवस, मग पूर्ण. फळ्याकडे एकटक पाहिले की डोके दुखायचे, तेव्हा सिस्टरांनी स्वतः येऊन वर्गशिक्षिकेला सांगितले की तिला मधे मधे बाहेर झाडाखाली बसू द्यावे.

एका सकाळी पाळीवर रोशनी एकदम ताजीतवानी दिसत होती. म्हणाली, "सर, एक चक्कर पळू? मले काहीच होऊन नाई राह्यलं." अजून धावण्याची पायरी आली नव्हती. मी म्हणालो, "पळ."

होय, पुन्हा मीच. चंद्रपूर होऊन चार आठवडेही झाले नव्हते.

ती पाळीच्या टोकापर्यंत गेली आणि डोके धरून खाली बसली. मग उलटी झाली. मी सिस्टरांना फोन केला. त्या आल्या, तिचे डोळे पाहिले, हातापायांची ताकद पाहिली, डॉक्टरांशी बोलल्या, तिला दवाखान्यात दाखवून आणले. धोका नव्हता. मला वाटले, आता मात्र त्या मला बोलतील. मला ते हवेही होते. त्या एवढेच म्हणाल्या, "दोन पायऱ्या खाली. चार दिवस नुसतं अंगणात. घाबरू नका, अशी मागं-पुढं होतच राह्यते." आणि रोशनीला म्हणाल्या, "तू वहीत लिही. पळाली म्हणून लिही. चूक केली म्हणून नको लिहू."

त्यानंतरच्या आठवड्यात आम्ही पुन्हा पाळीवर चालत होतो. रोशनी पुढे, मी मागे. ती मागे न वळता सहज बोलली, "सर, त्या दिवशी चंद्रपूरले मले दोन-दोन ग्राउंड दिसत होते. तुम्हीबी दोन दिसत होते."

"मग तू सांगितलं काऊन नाही?"

"तुम्हीच म्हटलं होतं ना, कोणाले सांगू नको."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिने फक्त सांगितले आणि पुढे चालत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी राइस मिलवर गेलो. लक्ष्मणभाऊ पोते पाठीवर घेऊन फळीवरून चढत होते. अंगावर कोंड्याची धूळ. मला पाहून त्यांनी पोते टाकले आणि खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड पुसत धावत आले. त्यांना वाटले, रोशनीला काही झाले.

"रोशनी ठीक आहे, भाऊ. मला बोलायचं आहे."

मी सगळे सांगितले. पहिला मार, डॉक्टरांचा सल्ला, सिस्टरांचे सांगणे, माझे लपवणे, दारावर आपटल्याची थाप. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "तो कागद कुठी आहे?"

"घरी आहे."

"घेऊन या."

मी घरी जाऊन कागद आणला. ते मिलच्या दारात उजेडाला उभे राहिले आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत, ओठ हलवत त्यांनी तो पूर्ण वाचला. बराच वेळ लागला. मग घडी घालून खिशात ठेवला.

"मले वाचता येते, सर," ते म्हणाले. "तुम्ही देल्ला असता, तर मी वाचला असता."

त्यांनी मला शिवी दिली असती, हात उचलला असता, तर मला सोपे गेले असते. ते पुन्हा पोत्यापाशी गेले. मी तिथून थेट मुख्याध्यापकांकडे गेलो आणि त्यांनाही सांगितले. त्या वर्षापुरता संघ माझ्याकडून काढून घेण्यात आला. ते योग्यच होते.

लक्ष्मणभाऊ सिस्टरांकडे गेले. पोरीला आता खेळू द्यावे का, हे त्यांना विचारायचे होते. सिस्टर म्हणाल्या, "आधी तिले इचारा. तिनं हो म्हटलं, तर पायरीनं जाऊ. नाई म्हटलं, तर तेबी बरोबर." रोशनीने हो म्हटले. लक्ष्मणभाऊंनी अट घातली की परवानगीचा शब्द सिस्टरांकडून येईल, शाळेकडून नाही. तेही योग्यच होते.

आणि मग हळू धावणे, दोरीवरच्या उड्या, एकटीनेच रिकाम्या मैदानावर चढाईचा सराव, मग संघासोबत, पण पकड न करता. एकेका पायरीवर दिवस गेले. कुठे डोके दुखले की मागे. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी तपासून पूर्ण खेळाची परवानगी दिली. त्या दिवशी मी कुंपणाबाहेर उभा होतो, सिस्टर रेषेजवळ. पहिल्याच चढाईत चार मुलींनी रोशनीला धरले आणि सगळ्या मातीत कोसळल्या. मैदान चिडीचूप झाले. रोशनी खालून उठली, केसातली माती झटकली आणि सिस्टरांकडे पाहून ओरडली, "आज मंगळवार आहे, सिस्टर! सकाळी आंबील पेली!" सिस्टर इतक्या हसल्या की पदराने डोळे पुसू लागल्या. रोशनी आज गडचिरोली जिल्ह्यात वनरक्षक आहे. या ग्रंथात तिचाही लेख आहे. त्यात तिने माझ्याविषयी वाईट लिहिलेले नाही, असे संपादकांकडून कळले. ते ऐकून मला बरे वाटले नाही.

त्यानंतर सिस्टरांनी आणखी एक काम अंगावर घेतले. सुटीच्या दिवशी त्या तालुक्यातालुक्यातल्या क्रीडाशिक्षकांना डोक्याच्या माराविषयी सांगायला जाऊ लागल्या आणि मलाही सोबत नेऊ लागल्या. ओळख करून देताना म्हणायच्या, "हे गुरनुले सर. यायले याचा अनुभव आहे." कसला अनुभव, ते कधीच सांगायच्या नाहीत. ते सांगणे माझे काम होते. राजुऱ्याच्या एका कार्यक्रमानंतर एक तरुण शिक्षक माझा हात हातात घेऊन म्हणाला, "सर, तुम्ही तुमच्या खेळाडूचा जीव वाचवला, असं ऐकलं. फार मोठं काम केलं." मी ओशाळून हसलो. "नाही" म्हणालो नाही. सिस्टर शेजारीच उभ्या होत्या. परतताना गाडीत त्या एवढेच म्हणाल्या, "सर, काच वर घ्या, धूळ येऊन राह्यली." त्यांनी मला तोंडघशी पाडले नाही आणि मी त्यांच्या त्या चांगुलपणाआड वर्षानुवर्षे लपून राहिलो. ज्यांनी ज्यांनी मला त्या कामाचे श्रेय दिले, त्या सर्वांना मी इथे सांगतो: पोरीला वाचवले ते रामटेके सिस्टरांनी. माझ्यापासून वाचवले.

एक घरची गोष्ट सांगतो. चार वर्षांपूर्वी माझी आई अंथरुणाला खिळली. पाठीला जखमा होऊ लागल्या. कोणाकडून तरी कळून सिस्टर आमच्या घरी आल्या. आईला कुशीवर कसे वळवायचे, उशी कुठे द्यायची, अंग कसे पुसायचे, हे त्यांनी माझ्या पत्नीला करून दाखवले आणि पंधरा दिवस रोज येत राहिल्या. जखमा भरल्या. आई त्यांचा हात सोडायची नाही. आमच्या घरी, माझ्या लहानपणापासून, काही लोकांसाठी ठेवलेला वेगळा कप होता. सिस्टरांना रोज चहा दिला जायचा. तो कोणत्या कपात, हे मी एकदाही स्वयंपाकघरात जाऊन पाहिले नाही. मला पाहायचे नव्हते.

मागच्या महिन्यात हा लेख घेऊन मी सिस्टरांच्या घरी गेलो. छापण्याआधी त्यांनी ऐकावा, असे मला वाटले. निवृत्तीनंतर दोघे नवराबायको मूललाच राहतात. सिस्टर ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी वाचू लागलो. दवाखान्याच्या व्हरांड्यातले ते वाक्य आले तेव्हा मी थांबलो.

"वाचा," त्या म्हणाल्या.

मी वाचले. त्यांच्यासमोर, त्यांच्या यजमानांसमोर, पुन्हा एकदा ते शब्द माझ्या तोंडून निघाले. मग मी कागद खाली ठेवून म्हणालो, "सिस्टर, मी रोशनीबद्दल तुमची माफी मागितली होती. याबद्दल कधीच मागितली नाही. आज मागतो."

त्यांनी हातातली शेंग सोलून दाणे ताटात टाकले. यजमान उठून आत गेले. मग त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी घरी येऊन जेवले नव्हते, सर. माह्या बाबाची आठवण आली. त्यायले असं लय ऐकावं लागलं होतं. मले वाटे, मी नोकरीले लागली, आता मले कोणी असं नाई बोलणार." पुढे म्हणाल्या, "तुम्ही माफी मागान म्हणून मी काही वाट पाहून नव्हती राह्यली. पण ऐकलं, ते बरं झालं."

"हे वाक्य छापू की काढून टाकू?"

"राहू द्या. उद्या कोणी दुसऱ्या एखाद्या सिस्टरले असंच बोलणार असल, त्यानं वाचावं."

माफ केले, असे त्या म्हणाल्या नाहीत. मीही विचारले नाही. त्यांनी हात पुसून माझ्या हातातला पेन घेतला आणि लेखात एके ठिकाणी दुरुस्ती केली. मी घाईत "दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर हळूहळू धावणे" असे लिहिले होते. त्यांनी "धावणे"च्या आधी "चालणे" आणि "शाळा" असे दोन शब्द घातले. म्हणाल्या, "हे चुकीचं छापलं, तर कोणीतरी मास्तर हे वाचून पोरीले पळवल."

साठीच्या निमित्ताने मोठ्या माणसांविषयी मोठे लिहिण्याची रीत आहे. मी ती पाळू शकलो नाही, याबद्दल संपादक मंडळाने मला क्षमा करावी. रामटेके सिस्टरांचे गुडघे अलीकडे दुखतात, जिना चढताना त्या कठडा धरतात, तरी शनिवार-रविवारी कोणत्या ना कोणत्या शाळेच्या मैदानावर जाऊन उभ्या राहतात. त्यांच्या गुडघ्यांना बळ राहो. त्यांना दुपारची शांत झोप मिळो आणि त्या झोपेत कोणत्याही मास्तरच्या चुकीपायी फोन न वाजो. आणि त्यांना निरोगी, इतके दीर्घ आयुष्य लाभो, की ज्यांनी ज्यांनी त्यांना कधी दुखावले आणि ज्यांना माझ्यासारखा उशीर झाला, त्या प्रत्येकाला त्या घरी भेटाव्यात.